कोगनोळीचा नाका ओलांडला की सुटला? आप्पांनी पुढे पाठवलेल्या मेसेजला उत्तर

रंकाळ्यावर पहाटे फिरायला जाणाऱ्यांचा आमचा एक ग्रुप आहे. गेल्या आठवड्यात आप्पांनी तिथं एक मेसेज टाकला. वर नेहमीचं 'जसा आला तसा पुढे', खाली लाल ठिपके आणि जोडलेले हात. दुपारपर्यंत तोच मेसेज भावकीच्या ग्रुपवर आला आणि रात्री शाळेच्या बॅचच्या ग्रुपवर. ज्यांच्यापर्यंत अजून पोचला नसेल त्यांच्यासाठी त्याचा मजकूर थोडक्यात सांगते.

गुन्हेगारानं कर्नाटकाच्या सीमेवरचा कोगनोळीचा टोलनाका ओलांडला की महाराष्ट्र पोलिसांचे हात बांधलेले, हा पहिला मुद्दा. दोन राज्यांचे पोलिस एकमेकांना काही सांगत नाहीत, भाषाही वेगळी आणि कॉम्प्युटरही वेगळे, हा दुसरा. परदेशात पळालेला माणूस परत येत नाही आणि इंटरपोलची रेड कॉर्नर नोटीस ही नुसती रद्दी, हा तिसरा. इंटरपोलचे पोलिस कुठंही घुसून अटक करू शकतात पण भारत पैसे भरत नाही म्हणून आपल्यासाठी करत नाहीत, हा चौथा. सगळ्या देशांच्या पोलिसांचा एक ग्रुप काढून सगळी माहिती सगळ्यांना खुली केली तर महिन्यात गुन्हेगारी संपेल, हा पाचवा. आणि शेवटी ठळक अक्षरांत : म्हणून तक्रार करण्यात वेळ घालवू नका.

मी कोल्हापुरात फौजदारी वकिली करते, तीही बहुतेक आरोपीच्या बाजूनं. पोलिसांची तरफदारी करून माझं पोट भरत नाही, उलट त्यांच्या कागदांतल्या चुकांवरच माझा निम्मा धंदा चालतो. म्हणूनच आप्पा, राग मानू नका, पण हद्दीमुळं कोण सुटतं आणि कशामुळं सुटतं, हे मला तुमच्या मेसेजपेक्षा थोडं जास्त ठाऊक आहे.

नाक्याचा मुद्दा लोकांना लगेच पटतो, कारण तो रोज डोळ्यांसमोर असतो. कागल मागं पडलं, दूधगंगेचा पूल ओलांडला की पाट्या कानडीत सुरू होतात. सिनेमातला फौजदार इथं करकचून ब्रेक दाबतो आणि स्टेअरिंगवर हात आपटतो. खऱ्या फौजदाराला तसं करायचं कारण नाही. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४५ नुसार, ज्याला विनावॉरंट अटक करता येते अशा माणसाचा पाठलाग पोलिसाला भारतात कुठंही करता येतो. ही १ जुलै २०२४ पासून आलेली नवी सोयही नव्हे. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेत हेच कलम ४८ या क्रमांकानं होतं. आप्पा शाळेत शिकवत होते तेव्हापासूनचं.

वॉरंट असेल तर आणखी एक गंमत आहे. दुसऱ्या जिल्ह्यात वॉरंटवर अटक झाली की आरोपीला आधी तिथल्या दंडाधिकाऱ्यापुढं किंवा पोलिस अधीक्षकापुढं उभं करावं लागतं. पण वॉरंट काढणारं कोर्ट अटकेच्या जागेपासून ३० किलोमीटरच्या आत असेल तर हा वळसा घ्यावा लागत नाही, थेट त्या कोर्टात न्यायचं. कायदा किलोमीटर मोजतो, राज्याची वेस मोजत नाही. कागलच्या कोर्टाचं वॉरंट असेल आणि माणूस निपाणीत सापडला, तर मध्ये राज्याची सीमा असूनही तो थेट कागलला येऊ शकतो. आणि तोच माणूस चंदगडला सापडला, म्हणजे आपल्याच जिल्ह्यात पण लांब, तर अंतरानं हिशोब वेगळा होतो का, हा प्रश्न परीक्षेत विचारण्यासारखा आहे. (उत्तर : नाही. जिल्हा तोच असला तर हा नियम लागूच होत नाही.)

मग माझे अशील सुटतात ते कशावर? कागदावर. समजा, हुबळीहून कुणाला 'उचलून आणला'. हा शब्द पोलिस ठाण्यात इतका सहज वापरतात की जणू बाजारातून पोतं उचललं. अटकेची कारणं लेखी दिली का? घरच्यांना कळवलं का? स्थानिक ठाण्याच्या डायरीत नोंद केली का? प्रवासाचा वेळ सोडून २४ तासांच्या आत दंडाधिकाऱ्यापुढं उभं केलं का? ट्रान्झिट रिमांड, म्हणजे आरोपीला आपल्याकडं न्यायची तिथल्या कोर्टाची परवानगी, घेतली का? यातलं एक जरी राहिलं, तरी मी कोर्टात उभी असते आणि न्यायाधीश तपास अधिकाऱ्याकडं चष्म्यावरून बघत असतात. सर्वोच्च न्यायालयानं नोव्हेंबर २०२३ मध्ये हेही स्पष्ट केलं, की गुन्हा दुसऱ्या राज्यात नोंद झाला असला तरी माणसाला आपल्या राहत्या ठिकाणच्या सत्र न्यायालयातून किंवा उच्च न्यायालयातून मर्यादित मुदतीचा ट्रान्झिट अटकपूर्व जामीन मिळू शकतो. म्हणजे सीमा ओलांडायचा रस्ता दोन्ही बाजूंना मोकळा आहे, पोलिसालाही आणि संशयितालाही. फक्त दोघांनाही टोल कागदाच्या रूपात भरावा लागतो.

एका बाबतीत मात्र सीमेमुळं खरंच फरक पडतो. तिकडं जे चालतं, ते इकडं गुन्हा असू शकतं. 'फक्त गोव्यात विक्रीसाठी' असा शिक्का असलेली बाटली आंबोली किंवा फोंडा घाट चढून आली की ती राज्य उत्पादन शुल्क खात्याची केस होते. पण इथं सीमा गुन्हेगाराला वाचवत नाही. गुन्हा तयार करते ती सीमाच.

आता दुसरा मुद्दा, पोलिस एकमेकांशी बोलत नाहीत हा. इथं मी आप्पांना पाव गुण देते.

मुंबईवरच्या २६ नोव्हेंबरच्या हल्ल्यानंतर, २००९ मध्ये केंद्रानं सीसीटीएनएस या यंत्रणेला मंजुरी दिली. देशातली १७ हजारांहून अधिक पोलिस ठाणी एका जाळ्यात जोडायची, एफआयआर, अटक, दोषारोपपत्र सगळं त्यावर चढवायचं, ही कल्पना. म्हणजे 'कॉम्प्युटर वेगळे' हे म्हणणं जुनं झालं. पण कॉम्प्युटर एक झाला म्हणून माहिती एक होत नाही. आपल्या भागात याची अडचण कुठं येते, हे कारकुनालाच विचारावं. निपाणीच्या ठाण्यात नाव कानडीतून इंग्रजीत गेलं, कोल्हापूरच्या ठाण्यात मराठीतून इंग्रजीत. एकाच माणसाच्या आडनावात एकीकडं एक अक्षर वाढलं, दुसरीकडं एक गळालं. वडिलांचं नाव एकीकडं मधलं नाव म्हणून, दुसरीकडं नावाच्या आधी आद्याक्षर म्हणून. शोध घेतला की मशीन म्हणतं, असा कुणी नाही. आणि आपल्याकडं अर्ध्या गावाचं आडनाव पाटील असतं तेव्हा ते उलटंही म्हणतं : असे सहाशे आहेत, कुठला हवा?

यावरचं औषध नावात नाही, बोटांत आहे. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाची नॅफिस ही बोटांच्या ठशांची यंत्रणा २०२२ पासून चालते. अटक झालेल्या प्रत्येकाला तिथं दहा अंकी क्रमांक मिळतो, पहिले दोन अंक राज्याचे. आज बेळगावात पाटील आणि उद्या कोल्हापुरात देसाई म्हणून पकडला गेला, तरी ठसे तेच आणि म्हणून क्रमांकही तोच. संघटित गुन्हेगारीच्या केसमध्ये याला किती महत्त्व आहे, ते मोक्काच्या फाईली चाळल्या की कळतं. मोक्का, म्हणजे आपला १९९९ चा कायदा, लावायचा तर गेल्या दहा वर्षांत टोळीवर एकापेक्षा जास्त दोषारोपपत्रं दाखल झालेली असावी लागतात. जुना गुन्हा आपल्याच आरोपीचा आहे हे सिद्ध करता आलं नाही, की माझ्यासारखी वकील तिथंच बोट ठेवते. कर्नाटकाचाही असाच स्वतंत्र कायदा २००० सालचा आहे, आणि आता भारतीय न्याय संहितेत कलम १११ मध्ये संघटित गुन्हा देशभरासाठी आलाय.

बोलत नाहीत म्हणणाऱ्यांनी ढोलगरवाडी आठवावी. चंदगड तालुक्यातलं हे गाव आपल्याला सर्पशाळेमुळं माहीत. नोव्हेंबर २०२१ मध्ये मुंबई पोलिसांच्या अमली पदार्थविरोधी पथकानं तिथल्या एका फार्महाउसवर धाड घातली आणि एमडीचा, म्हणजे मेफेड्रोनचा कारखाना उघडकीला आणला. मुंबईच्या गल्लीत पुडी विकणाऱ्यापासून सुरू झालेला धागा कर्नाटक आणि गोव्याच्या सीमेजवळच्या एका शांत खेड्यात येऊन थांबला. चंदगड का? जंगल आहे, वस्ती विरळ आहे, तीन राज्यांच्या वाटा जवळ आहेत. हद्दीचा फायदा घ्यायला बसलेल्यांनीच ती जागा निवडली होती आणि तरी सापडले.

पण पाव गुण देते म्हटलं ते उगाच नाही. गोविंद पानसरे यांच्यावर १६ फेब्रुवारी २०१५ रोजी आपल्याच शहरात, सकाळच्या फेरीहून परतताना गोळ्या झाडल्या गेल्या. त्याच वर्षी ३० ऑगस्टला धारवाडला एम. एम. कलबुर्गी यांना, २०१७ च्या ५ सप्टेंबरला बेंगळुरूत गौरी लंकेश यांना मारलं गेलं. लंकेश खुनाचा तपास करणाऱ्या कर्नाटकच्या विशेष पथकाकडून निघालेले धागे २०१८ मध्ये महाराष्ट्राच्या दहशतवादविरोधी पथकापर्यंत, म्हणजे एटीएसपर्यंत आले आणि त्यातून इकडं अटका झाल्या. सहकार्य नव्हतं असं कोण म्हणेल? पण पानसरे खुनाचा तपास एटीएसकडे सोपवायला उच्च न्यायालयाला ऑगस्ट २०२२ उजाडलं. सात वर्षं. यंत्रणा असणं आणि ती वेळेवर हलणं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मेसेज लिहिणाऱ्यानं दुसरीवर बोट ठेवलं असतं तर मी त्याला पूर्ण गुण दिले असते.

तिसरा आणि चौथा मुद्दा एकत्र घेते, कारण ते एकमेकांचेच गळे धरतात. एका ओळीत इंटरपोल म्हणजे रद्दी आणि पुढच्या ओळीत इंटरपोल म्हणजे जगाचा दबंग फौजदार.

इंटरपोलकडं अटक करणारे पोलिस नाहीत. एकही नाही. १९२३ मध्ये व्हिएन्नात सुरू झालेली, आता फ्रान्सच्या लियों शहरात मुख्यालय असलेली ही १९६ देशांच्या पोलिसांची टपालव्यवस्था समजा, फार शिस्तीची आणि कुलूपबंद. प्रत्येक देशात तिचं एक राष्ट्रीय कार्यालय असतं, आपलं दिल्लीत सीबीआयमध्ये आहे. अटक जो तो देश आपल्या कायद्यानं, आपल्या पोलिसांकडून करतो. वर्गणी सगळेच सदस्य देश भरतात, ती भरली म्हणून कुणी हेलिकॉप्टरनं उतरत नाही. २०२२ मध्ये इंटरपोलची ९० वी महासभा दिल्लीतच भरली होती, एवढं सांगून चौथा मुद्दा मी इथंच ठेवते.

रेड नोटीस म्हणजे आंतरराष्ट्रीय वॉरंट नव्हे. 'हा माणूस आम्हाला हवा आहे, सापडला तर तुमच्या कायद्यात बसेल तसं थांबवून ठेवा आणि कळवा' अशी ती विनंती. काही देश तिच्यावरून अटक करतात, काही करत नाहीत. बऱ्याचशा रेड नोटिसा तर सार्वजनिक नसतात, फक्त पोलिसांनाच दिसतात. त्यामुळं 'वेबसाइटवर नाव नाही म्हणजे सेटिंग झालं' या चहाच्या टपरीवरच्या निष्कर्षालाही आधार नाही. धार्मिक, राजकीय, लष्करी किंवा वांशिक स्वरूपाच्या प्रकरणात हात घालायला इंटरपोलच्या घटनेचं तिसरं कलम मनाई करतं. नोटिशीवर आक्षेप घ्यायलाही आयोग आहे. बँक घोटाळ्यातला आरोपी मेहुल चोक्सी याची रेड नोटीस त्या आयोगाच्या निर्णयानंतर २०२२ मध्ये काढून टाकली गेली, तेव्हा आप्पांच्याच ग्रुपवर 'संपला विषय' असं आलं होतं. एप्रिल २०२५ मध्ये त्याला बेल्जियममध्ये अटक झाली, भारताच्या प्रत्यार्पणाच्या विनंतीवरून. नोटीस नसताना. म्हणजे नोटीस हा एक रस्ता आहे, एकमेव नाही.

परत येत नाहीत म्हणता, तर छोटा राजन ऑक्टोबर २०१५ मध्ये ऑस्ट्रेलियाहून बालीच्या विमानतळावर उतरला तेव्हा त्याच्याकडं दुसऱ्याच नावाचा पासपोर्ट होता. ऑस्ट्रेलियातून इंडोनेशियाच्या पोलिसांना इशारा गेला, त्यांनी विमानतळावरच धरलं, नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात तो भारतात होता. रेड नोटिशीत वीस वर्षं नुसतं धूळ खात पडलेलं नाव एका दिवसात उपयोगी पडलं. टोळीचा म्होरक्या रवी पुजारी याची कहाणी तर आपल्या जवळची. सेनेगलमध्ये २०१९ मध्ये पकडला, जामिनावर सुटून दक्षिण आफ्रिकेत पळाला, तिथं सापडला, आणि फेब्रुवारी २०२० मध्ये बेंगळुरूत आणला गेला. त्याच्याकडं बुर्किना फासोचा पासपोर्ट होता. कर्नाटक पोलिसांनी आणलेल्या या आरोपीचा ताबा वर्षभरानं मुंबई पोलिसांनी घेतला. तीन देश, दोन राज्यं. 'एकमेकांना काही सांगत नाहीत' वाल्यांनी हे कुठल्या रकान्यात घालायचं?

आणि अगदी शेजारचं : सांगली जिल्ह्यात कवठेमहांकाळ तालुक्यात मार्च २०२४ मध्ये मुंबई गुन्हे शाखेनं एमडीचा कारखाना पकडला. शंभर किलोहून जास्त माल. कारखाना द्राक्षाच्या गावात आणि सूत्रं परदेशात, असा तपासाचा आरोप. त्या प्रकरणात हवे असलेले दोन आरोपी संयुक्त अरब अमिरातीतून इंटरपोलमार्फत परत आणले गेले, एक जून २०२५ मध्ये, दुसरा जुलैमध्ये. ते दोषी की नाही ते कोर्ट ठरवेल. पण 'दुबईला गेला की संपलं' हे वाक्य आता निदान सांगलीत तरी कुणी म्हणू नये.

उशीर का होतो, हे मात्र सांगायला हवं, कारण लोकांच्या रागाचं मूळ तिथं आहे. पोलिसांनी पोलिसांना दिलेली माहिती आणि कोर्टात चालणारा पुरावा, या दोन जाती वेगळ्या. 'अमुक खात्यात पैसे आलेत' हे हाँगकाँगचा अधिकारी पुण्याच्या अधिकाऱ्याला कळवू शकतो, त्यावरून तपासाची दिशा ठरते. पण त्याच खात्याचा उतारा खटल्यात पुरावा म्हणून दाखवायचा, तर आपल्या कोर्टाचं विनंतीपत्र जावं लागतं. नव्या नागरिक सुरक्षा संहितेचं कलम ११२ त्यासाठी आहे. ते पत्र त्या देशाच्या भाषेत, त्या देशाच्या कायद्यात बसेल असं, मंत्रालयांतून फिरत जातं. प्रत्यार्पणात तर शब्दही द्यावा लागतो. अबू सालेमला २००५ मध्ये पोर्तुगालनं दिलं ते फाशी नाही आणि २५ वर्षांहून जास्त कैद नाही या हमीवर. सर्वोच्च न्यायालयानं २०२२ मध्ये सरकारला त्या शब्दाची आठवण करून दिली. चीड येते, मान्य. पण आज शब्द मोडला तर उद्या कुठला देश आपल्याला आरोपी देईल?

मधला एक अडथळा खरोखरच वेडगळ होता आणि तो अलीकडंच कमी झाला. पूर्वी जिल्हा पोलिसांना परदेशातली काही माहिती हवी असली तर पत्र, ईमेल, फॅक्स यांच्या पायऱ्या चढत राज्याच्या संपर्क अधिकाऱ्यामार्फत सीबीआयपर्यंत जायचं. ७ जानेवारी २०२५ रोजी सुरू झालेल्या भारतपोल या पोर्टलमुळं राज्यांचे पोलिस आपली विनंती थेट त्यावर टाकू शकतात. कोल्हापूरच्या अधिकाऱ्याला आता विनंती कुठं अडली हे शोधायला दिल्लीला फोन लावत बसायला नको. विनंती नीट लिहिली तर. अर्धवट मजकूर पोर्टलवर टाकला तर तोही वेगानं परत येतो, एवढंच.

आता माझा आवडता मुद्दा, पाचवा. सगळ्या देशांच्या पोलिसांचा एक ग्रुप.

आप्पा, आपल्या ग्रुपवर बासष्ट माणसं आहेत. मागच्या दिवाळीत आपण एकाच्या साठीचा गुपचूप कार्यक्रम ठरवला होता. त्याला तो दुपारी चारला कळला, संध्याकाळी सहाला त्यानं स्वतःच हार कुठून आणायचा ते सुचवलं. आता १९६ देश धरा. त्यातल्या काही देशांत पोलिस आणि टोळी यांच्यात फक्त गणवेशाचा फरक आहे. तिथं 'अमुक खबऱ्यानं सांगितलं, माल तमुक कंटेनरमध्ये आहे' असं टाकलं तर सकाळी कंटेनर नसेल आणि खबऱ्याही नसेल.

म्हणून माहिती सुरक्षित देणं म्हणजे ती दडवणं नव्हे, ती कुणापर्यंत जाईल हे ठरवणं. इंटरपोलचं आय-२४/७ हे बंदिस्त जाळं २००३ पासून आहे. त्यात माहिती टाकणारा देश तिचा मालक राहतो, अमुक देशांना ही दिसू नये असं तो सांगू शकतो, चूक असेल तर मागं घेऊ शकतो. युरोपात युरोपोलचं सिएना नावाचं असंच जाळं २००९ पासून चालतं. तिथं प्रत्येक निरोपावर हाताळणीची खूण असते : ही माहिती फक्त तपासासाठी, कोर्टात दाखवायची असेल तर आधी विचारा, पुढं कुणाला द्यायची असेल तर आधी विचारा. आपल्या गावठी भाषेत, 'तुझ्यापाशी ठेव'. फक्त इथं तो शब्द पाळला जातोय का, याची नोंद राहते. कुणी, कधी, काय उघडून पाहिलं, ते मागाहून तपासता येतं. व्हॉट्सॲपच्या स्क्रीनशॉटला आई-बाप नसतात. आमच्या कोर्टात तर भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र जोडलं नसेल, तर तो स्क्रीनशॉट म्हणजे नुसतं चित्र.

आणि बंद ग्रुपवर विश्वास ठेवून काय होतं, हे खुद्द गुन्हेगारांनाच विचारा. युरोपातल्या टोळ्या एन्क्रोचॅट नावाचे खास फोन वापरायच्या. महागडे, कॅमेरा काढून टाकलेले, सगळं पुसून टाकायची कळ असलेले. फ्रेंच आणि डच पोलिसांनी एकत्र पथक करून २०२० मध्ये त्या जाळ्यात शिरकाव केला आणि कित्येक आठवडे त्यांचे निरोप वाचले. खून, माल, पैसे, सगळं साध्या गप्पांसारखं लिहिलेलं. युरोपोलनं २०२३ मध्ये सांगितलेला हिशोब ६,५५८ अटकांचा आणि सुमारे ९० कोटी युरो जप्त किंवा गोठवल्याचा. ते शक्य झालं कारण ते आठवडे कुठल्याही पोलिसानं कुठल्याही ग्रुपवर 'भारी बातमी आहे, उद्या कळेल' असं टाकलं नाही. अर्थात त्या पुराव्याच्या वैधतेवर तिथले वकील पुढं वर्षानुवर्षं भांडले. मी तिथं असते तर मीही भांडले असते.

उरला शेवटचा मुद्दा. ठळक अक्षरांतला. बाकीचे पाच मी हसून सोडले असते, पण या एकासाठी हे सगळं लिहितेय.

११ ऑगस्ट २०१८, शनिवार. पुण्याच्या कॉसमॉस बँकेच्या यंत्रणेत कुणीतरी शिरलं होतं आणि बनावट कार्डांवर २८ देशांतल्या एटीएममधून पैसे निघत होते. त्यातली काही एटीएम आपल्या कोल्हापुरातली होती. सोमवारी १३ तारखेला आणखी जवळपास १४ कोटी रुपये हाँगकाँगच्या एका बँकेत वळवले गेले. एकूण ९४ कोटींहून जास्त. डोकं कुठल्या देशात होतं, याची चर्चा उत्तर कोरियापर्यंत गेली. पण तपासाला हाताला लागली ती इथल्या एटीएमपाशी उभी राहिलेली माणसं, कॅमेऱ्यात दिसलेले चेहरे, मोबाइलचे टॉवर. हाँगकाँगला अडवलेल्या रकमेतले काही कोटी परत मिळाले आणि एप्रिल २०२३ मध्ये पुण्याच्या कोर्टानं ११ जणांना शिक्षा सुनावली. सूत्रधार हाती लागला नाही, हे खरं. पण बँकेनं तक्रारच केली नसती तर हाँगकाँगचे पैसे कुणी आणि कशाच्या आधारावर अडवले असते?

माझ्या शेजारच्या वहिनींचं प्रकरण याहून लहान आणि माझ्या मनाला जास्त लागलेलं. 'शेअर बाजारात दामदुप्पट' वाल्यांनी त्यांचे साडेचार लाख नेले. ज्या खात्यात गेले ते राजस्थानातलं. त्या जवळच्या ठाण्यात गेल्या, तिथं एका हवालदारानं सांगितलं, खातं तिकडचं आहे, आमच्या हद्दीत येत नाही. घरी आल्या तर भाच्यानं असाच एक मेसेज दाखवला, उपयोग नाही म्हणून. पाच दिवस गप्प बसल्या. सहाव्या दिवशी जिन्यात भेटल्या तेव्हा मला सांगितलं. आम्ही १९३० या सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकाला फोन लावला, सायबर गुन्ह्यांच्या सरकारी पोर्टलवर तक्रार टाकली. पैसे तोवर चार खात्यांतून फिरले होते. शेवटच्या खात्यात एकतीस हजार गोठवले गेले. पहिल्या दिवशी फोन केला असता तर किती अडले असते, हा हिशोब त्या अजून मला विचारतात आणि मी विषय बदलते.

त्या हवालदाराचं बोलणं कायद्यानं चूक होतं. नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ नुसार दखलपात्र गुन्ह्याची माहिती, तो कुठल्याही हद्दीत घडलेला असो, नोंदवून घ्यावीच लागते. त्यालाच झिरो एफआयआर म्हणतात. ती नंतर योग्य ठाण्याकडं जाते, पाठवण्याचं काम त्यांचं. तेव्हा पैसे गेले तर आधी १९३० लावा, मग बँकेला कळवा, व्यवहाराचा यूटीआर नंबर, म्हणजे बँकेनं त्या व्यवहाराला दिलेला क्रमांक, एका कागदावर लिहून घ्या, समोरच्याशी झालेलं बोलणं मोबाइलमधून पुसू नका, आणि फोनही बदलू नका, कारण मूळ फोन लागतो. ठाण्यात 'हद्द आमची नाही' असं ऐकू आलं तर आवाज न चढवता कलम १७३ म्हणा. तरीही घेत नसतील तर तीच तक्रार लेखी, पोस्टानं पोलिस अधीक्षकांकडं पाठवा आणि पोचपावती जपून ठेवा. आप्पा, हे तेवढं पुढे पाठवा. जसं आलं तसं.